न हलणारा पॅड

चौसष्ट सालची लॅम्ब्रेटा.
पुढच्या चाकाला चकतीचा ब्रेक.
त्या काळी चैनच होती ती,
आणि चैनीच्या वस्तूंसारखा लहरीही.

तीन शनिवार गेले.
लिव्हर ओढला की मुठीला टेकतो
आणि स्कूटर आपली निघते उताराने
चॅपलच्या भिंतीची गाठ घ्यायला.
ट्रेऑर्कीत उताराला तोटा नाही,
इथे दूधवालासुद्धा देवाचं नाव घेऊन वळतो.

केबल ताणली, तर चाक जाम.
सैल केली, तर ब्रेकच नाही.
नवी केबल आणली, बाहेरची नळीही नवी,
बत्तीस पौंड, टपालखर्च वेगळा.
पुन्हा तेच.
रेड्याचं दुखणं आणि डाग पखालीला,
हे कळायला
बहात्तर वर्षं मला कमी पडली.

चाक हाताने फिरवत होतो.
खर्र... मग काही नाही... मग खर्र.

भिंतीपलीकडे लीकच्या वाफ्यात
इस्लविन वाकलेला. तो सरळ झाला,
कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिला चाकाचे दोन फेरे.
"केबल नाही ती, डेन्झिल.
तुझा पलीकडचा पॅड बसलाय मेल्यासारखा."

एकोणचाळीस वर्षांनी
त्याच्या तोंडून माझं नाव.

मधलं सांगण्यासारखं फार नाही.
संप. बारा महिने वेल्फेअर हॉलमधलं सूप.
मेगनच्या पायांत दुसऱ्या कुणाच्या मुलीचे बूट.
शेवटच्या तीन आठवड्यांत
खिडक्यांना जाळी लावलेली एक बस
पहाटे फाटकातून आत गेली,
तिच्यात तो होता.
नंतर ही भिंत आम्ही दोघांनी
आपापल्या बाजूने रंगवली, चारदा.
कुत्री गेली, बायका गेल्या,
त्याच्या ग्लेनिसच्या वेळी मी
चॅपलात मागच्या बाकावर बसून आलो.

खाणीत त्याचं काम पाळण्याच्या ब्रेकवर.
खाली चारशे यार्ड काळोख, एका खेपेला वीस माणसं,
आणि वर खोलीत इस्लविन, हात तरफेवर.
सोळा वर्षं त्याने मला खाली सोडलं, वर काढलं,
एकदाही गुडघे दणकले नाहीत.

"पॅड दोन असतात,"
लीकना सांगावं तसं तो खाली बघत म्हणाला.
"एकाला केबल ढकलते. दुसरा नुसता उभा.
शिव्या खातो हलणारा.
उभा असलेलाही झिजतोच की,
झिजून चकतीपासून लांब राहतो.
मग हलणाऱ्याने एकट्याने किती यायचं?"

मी चाकाकडे बघत राहिलो.
तो आत गेला. बाहेर आला.
भिंतीवर पाना ठेवला.

हबच्या तोंडाशी लॉकनट,
त्यावर साठ वर्षांचं किटण.
तेल सोडलं, चहा पिऊन आलो, पुन्हा सोडलं.
सुटला.
मग आतला स्क्रू पिळत गेलो
चकतीला टेकेपर्यंत, चाक अडेपर्यंत,
आणि तिथून मागे...
"पाव फेरा," भिंतीपलीकडून आवाज.
"पाव. अर्धा नाही."

चाक फिरलं. खर्र नाही.
लिव्हर अर्ध्या वाटेत घट्ट.

चॅपलच्या उतारावर दोनदा गेलो.
पहिल्यांदा भिंतीच्या हातभर अलीकडे थांबलो,
दुसऱ्यांदा चांगला दोन हात.
आत कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं,
तीच एक ओळ चुकत होतं.
परत आलो तेव्हा इस्लविनचं दार बंद,
वाफ्यात फावडं तसंच उभं.

रात्री मेगनचा फोन. म्हणाली, मग काय बोललात?
मी तिला स्क्रूबद्दलच सांगत बसलो.

पाना माझ्याकडेच आहे.
दांड्यावर खाणीचा शिक्का, माप इंचाचं.
नट इटालियन.
बसायला नको होता खरं तर.
जागेवर जरासा हलतो.
पण धरतो.